मधल्या टॉवरवरची हजेरी

सर्व्हर रूममध्ये शिरल्यावर करुणा रणपिसेनं आधी एसीखालची बादली ओतून आणली आणि मग खुर्ची ओढली. बादली ओतणं तिचं काम नव्हतं. पण ती भरून पाणी फरशीवर आलं की वायरींपर्यंत पोचायचं, आणि वायरींचं जे काही होईल ते तिच्याच गळ्यात पडणार होतं.

२००४ सालचा फेब्रुवारी होता. कारेगावच्या त्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग तयार व्हायचे. ते दौंडच्या गोदामात जायचे आणि तिथून रेल्वेनं पुढं. कारखाना आणि गोदाम यांच्यात पन्नासेक किलोमीटर अंतर होतं, म्हणून कंपनीनं महिन्याभरापूर्वी स्वतःची रेडिओ लिंक उभारली होती. एक डिश कारेगावच्या गच्चीवर, एक दौंडच्या गोदामावर. दोघी एकमेकींना दिसत नसत, म्हणून मध्ये इनामगावच्या अलीकडच्या माळावर एक टॉवर होता. दौंडहून निघालेलं सगळं त्या टॉवरवर उतरायचं आणि तिथून पुन्हा कारेगावकडं सुटायचं.

करुणा केंदूरची. डिप्लोमा करून तीन महिन्यांच्या करारावर इथं लागली होती. कॉम्प्युटर विभागाच्या सुमित सरांनी तिला एकच काम दिलं होतं. नेटवर्कवरची वाहतूक मोजणारा प्रोग्रॅम बसवायचा. त्यासाठी एक जुना कॉम्प्युटर दिला होता, त्याचा पंखा घरघरायचा. प्रोग्रॅमचं काम साधं होतं. दर पाच मिनिटांनी तो प्रत्येक यंत्राला विचारायचा, तुझ्यात किती आलं, तुझ्यातून किती गेलं? यंत्रं आकडे सांगायची आणि त्यांचा आलेख निघायचा. आलेलं हिरव्या रंगात, गेलेलं निळ्या.

सेटिंगच्या फाइलीत प्रत्येक यंत्रापुढं एक रकाना होता, 'कम्युनिटी'. यंत्रानं आकडे कुणाला सांगावेत याचा तो परवलीचा शब्द. पहिल्या दिवशी तो रकाना बघून करुणाला हसूच आलं. शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत जातीचा हा रकाना तिची पाठ सोडत नव्हता. इथं मात्र त्यात काय भरायचं ते तिच्या हातात होतं. तिनं आईचं नाव टाकलं, गिताबाई. मग एकेक यंत्र गिताबाईला ओळखून आकडे सांगू लागलं.

मंगळवारी दुपारी ती पाणी प्यायला बाहेर आली, तर पर्सोनेल खात्याच्या दाराशी बाकावर एक माणूस बसला होता. पन्नाशीला टेकलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"म्याडम, ते मोजायचं मशीन तुम्हीच लावताय व्हय?"

"मॅडम कशाला, मी करुणा. केंदूरची. बोला ना मामा."

"केंदूरची? मंग आपल्यातलीच की." त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. "म्या नवनाथ कोळपे. दौंडच्या गोदामावर टाइमकीपर हाय. अकरा वर्सं झाली."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्याला स्वतःला सोडून दौंडला माणसं अठ्ठावन्न. सकाळी येताना प्रत्येक जण मशीनपुढं कार्ड धरतो आणि हजेरी त्याच क्षणी कारेगावला जाते. महिनाभरापासून कारेगावच्या कागदावर एकोणसाठ जण हजर दिसत होते.

"एकोणसाठावा कोण?"

"नाव न्हाई. कार्डाच्या नंबरात नुसती शून्यं. येळ रोज तीच, सात बावन्न. आन् गेट नंबर तीन."

करुणा थबकली. एक नंबरचं गेट कारेगावचं, दोन नंबरचं दौंडचं. "तिसरं मशीनच नाही कुठं."

"म्या बी त्येच सांगतोय. पर मशीनच्या किल्ल्या माझ्याकडं, कार्डं म्याच बनवतो. ह्ये सायब लोक म्हनत्यात, तूच कुठंतरी तिसरं मशीन दडवलंयस. सोमवारी चौकशी हाय." त्यानं टोपी उचलली आणि परत गुडघ्यावर ठेवली. "माझा आज्जा मेंढरं मोजायचा, रानातनं येताना, चालती मेंढरं. एक चुकली न्हाई कधी. मला अठ्ठावन्न मानसं मोजाया येत न्हाईत व्हय? पोरीचं लगीन ठरलंय. खोटा मानूस म्हनून काढला, तर तिच्या सासरी कंच्या तोंडानं जाऊ?"

करुणानं कसलाही शब्द दिला नाही. नुसतं म्हणाली, "मामा, उद्यापासून दौंडहून किती हजेऱ्या निघाल्या आणि इथं किती पोचल्या, ते माझं मशीन लिहून ठेवेल. ते तुमच्याही बाजूचं नाही आणि साहेबांच्याही नाही."

त्या संध्याकाळी तिनं सेटिंग बदललं. एकेक हजेरी म्हणजे माहितीचं एकेक बंद पाकीट. बाकीच्या वाहतुकीतून हजेरीची पाकिटं तेवढी वेगळी काढून दोन्ही टोकांना मोजायची, एवढंच. तीन वेळा तपासून ती शिरूरच्या एसटीत बसली.

बुधवारी सकाळी सव्वाआठला आकडे समोर आले. दौंडहून निघाली अठ्ठावन्न. कारेगावला पोचली एकोणसाठ.

सुमित सर मागं उभे राहून बघत होते. "डुप्लिकेट असेल. रेडिओत होतं तसं. एखादं पाकीट दोनदा जातं."

"दोनदा गेलेलं आधीच्यासारखंच असतं, सर. हे कुणासारखंच नाही."

तिनं दोन्ही याद्या शेजारी ठेवून दाखवल्या. अठ्ठावन्न जुळत होते. एकोणसाठावा एकटा होता.

"वायर बदल, स्विच बदल," सर म्हणाले. तिनं दिवसभरात दोन्ही बदललं.

गुरुवार सुट्टीचा. कारखाना बंद, दौंडचं गोदामही बंद. करुणा तरीही आली. पहारेकऱ्यानं वहीत तिचं एकटीचं नाव लिहून घेतलं. यंत्रांची घरघर थांबलेल्या त्या आवारात तिला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. आकडे उघडायच्या आधी तिनं नवनाथला फोन लावला.

"गोदामाला कुलूप हाय," तो म्हणाला. "किल्ली माझ्या कमरंला. म्या घरी, अंगनात उभा हाय."

आठ वाजता आकडे आले.

दौंडहून निघाली शून्य. कारेगावला पोचली एक.

ती बराच वेळ त्या एकाकडं बघत बसली. घाबरली म्हणावं तर तसं नव्हतं, तिला राग आला होता. शून्य निघालं आणि एक पोचलं, हे गणित तिला पटण्यासारखं नव्हतं, आणि न पटणारी गोष्ट तशीच सोडून उठणं तिला लहानपणापासून जमत नसे. आई म्हणायची, हिच्या पायात काटा मोडला तर ही बाभळ शोधत जाईल. तिनं सेटिंगची फाइल पुन्हा उघडली आणि मधल्या टॉवरवरचं यंत्रही मोजणीत घेतलं. टॉवरवर एक लहानसा डबा होता, जेवणाच्या डब्याएवढा. त्यात एक वायर दौंडकडच्या डिशवरून यायची आणि दुसरी कारेगावकडच्या डिशला जायची. त्या दोन वायरींमध्ये वीतभर अंतर.

शुक्रवारचे आकडे तिनं वहीत उतरवून घेतले.

दौंडहून निघाली अठ्ठावन्न. टॉवरच्या डब्यात आली अठ्ठावन्न. टॉवरच्या डब्यातून गेली एकोणसाठ.

पन्नास किलोमीटरचं अंतर वीतभरावर आलं होतं.

शनिवारी उजाडायच्या सुमारास ती स्कूटीवरून निघाली, पाठीला लॅपटॉप. न्हावऱ्यापर्यंत रस्ता बरा होता, पुढं खडी. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ज्वारीचं रान. माळावर पोचली तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याची खोली. जमीन साखरबाईची होती, आणि खोलीची किल्ली तिच्याच पदराला असायची. सत्तरीची काटक बाई, शेरडं घेऊन पायवाटेच्या कडेला उभी होती. पायवाट खालून घोड नदीच्या अंगानं वर यायची, खोलीला खेटून पुढं माळावर जायची.

"लवकर आलीस," साखरबाई म्हणाली.

"आठच्या आत पोचायचं होतं, आजी."

"व्हय. आठच्या आतच आसतंय त्ये."

"काय असतं?"

साखरबाईनं कुलूप काढलं, कडी सरकवली. "तू तुझं काम बघ बाय."

आत पत्र्याचा उबट वास होता. फळीवर तो डबा, त्यावर हिरवे दिवे. करुणानं लॅपटॉप जोडला, फक्त बघण्यापुरता. नवनाथला तिनं कालच सांगून ठेवलं होतं की पाऊण तास लिंक बंद राहील, हजेऱ्या दौंडच्या मशीनमध्येच थांबतील, घाबरायचं नाही. साडेसातला तिनं दौंडकडची वायर डब्यातून उपटली आणि तिचं टोक हातात धरून बसली.

आता डब्यात काही येऊच शकत नव्हतं. दौंडकडचा दिवा विझला. कारेगावकडचा नुसता स्थिर जळत होता.

सात पन्नास.

सात एक्कावन्न.

बाहेर शेरडांच्या गळ्यातल्या घंट्या थांबल्या. सगळ्या एकदम.

करुणानं दारातून बघितलं. शेरडं पायवाटेच्या एका अंगाला दाटीवाटीनं उभी होती, माना खाली. साखरबाई त्यांच्यापुढं, वाट मोकळी सोडून, बाजूला झालेली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली, गल्लीतून मोठं माणूस चाललं की बायका उभ्या राहतात तशी.

वाट रिकामी होती.

करुणानं नजर डब्याकडं वळवली.

कारेगावकडचा दिवा एकदा लुकलुकला.

लॅपटॉपवर एक ओळ उमटली. कार्ड शून्य शून्य शून्य शून्य. गेट तीन. सात बावन्न.

दौंडकडची वायर तिच्या मुठीत होती. तिनं मूठ उघडून वायरीचं टोक बघितलं, मग डब्यातलं रिकामं भोक बघितलं. तिनं ती ओळ साठवून ठेवली, घड्याळ ताडून बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि पाऊण तास भरल्यावर वायर जागेवर बसवली. दिवा लागला आणि दौंडच्या थांबलेल्या हजेऱ्या भराभर येऊ लागल्या. त्या तिनं मोजल्या. अठ्ठावन्न.

बाहेर घंट्या पुन्हा वाजत होत्या.

"कोण गेलं, आजी?"

"म्या मान वर करून बघत न्हाई. कामावर निघालेल्या मानसाकडं काय बघायचं?"

"कुठनं येतं?"

साखरबाईनं खाली नदीकडं हात केला. तिकडं बाभळी होत्या, हजारो वर्षांपूर्वीची वस्ती शोधताना पुरातत्त्ववाल्यांनी खणलेले चर होते, त्यांना तारेचं कुंपण होतं. घर कुठंच नव्हतं.

"कधीपासून?"

"टावर झाल्यापासनं बघते." म्हातारीनं एका शेळीला हलकेच पुढं ढकललं. "त्याच्या आदी बी जात आसंल. तवा मोजनारं कोन नव्हतं."

सोमवारी चौकशीच्या खोलीत नवनाथ टोपी हातात धरून उभा होता. करुणानं टेबलावर सहा दिवसांचे आलेख मांडले आणि बोटानं एकेक आकडा दाखवत गेली. दौंडहून किती निघालं, टॉवरवर किती आलं, किती गेलं. गुरुवारचं शून्य आणि एक. शनिवारी वायर काढलेली असताना आलेली ओळ. पर्सोनेलच्या साहेबांना पाकिटांमधलं फारसं कळत नव्हतं, पण शून्य आणि एक कळत होतं.

"म्हणजे दौंडच्या मशीनशी याचा संबंध नाही?"

"नाही. कोळपेमामांशी तर नाहीच."

"मग हे आहे काय?"

सुमित सर मध्येच म्हणाले, "इंटरफिअरन्स. बाहेरच्या लहरी घुसल्या. तसं लिही आणि सही कर."

"मला माहीत नसलेलं मी लिहिणार नाही, सर," करुणा म्हणाली. तिचा करार महिनाभरानं संपणार होता आणि तो वाढवायचा की नाही हे सरांच्याच हातात होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "टॉवरवर एक पाकीट जास्तीचं तयार होतं. ते कुठून येतं ते कळलेलं नाही. एवढंच खरं आहे, एवढंच लिहिते."

साहेबांनी कागद ओढून घेतला, दोनदा वाचला आणि खाली सही केली. नवनाथ बाहेर आला आणि त्याच बाकावर बसला. बराच वेळ त्याला टोपी घालायचं सुचलं नाही.

"बुधवारी दौंडला जेवायला ये," शेवटी तो म्हणाला. "आमच्या कॅन्टीनला. न्हाई म्हनू नगंस."

त्याच संध्याकाळी सरांच्या सांगण्यावरून करुणानं टॉवरच्या डब्यात एक ओळ वाढवली. गेट तीनचं पाकीट पुढं सोडायचं नाही. बटण दाबायच्या आधी ती थोडी थांबली. का थांबली, ते तिला सांगता आलं नसतं.

मंगळवारी अठ्ठावन्न निघाली, अठ्ठावन्न पोचली. हिरवं आणि निळं एकमेकांवर तंतोतंत बसलं. काम संपलं होतं.

बुधवारी ती दौंडला गेली. नवनाथनं तिला गोदाम दाखवलं, रेल्वेची माल चढवायची साइडिंग दाखवली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला, ही करुणा, केंदूरची. साडेबाराला दोघं कॅन्टीनमध्ये आले. कॅन्टीन म्हणजे एक लांबट शेड, एका टोकाला गॅसच्या शेगड्या, दुसऱ्या टोकाला ताटं धुवायची मोरी. स्वयंपाक शेवंताबाईकडं होता. किती ताटं लावायची हे तिला रोज कारेगावच्या हजेरीवरून फॅक्सनं कळवलं जायचं.

"महिनाभर एकोणसाठ सांगत व्हते," पोळ्यांची चळत उतरवत शेवंताबाई म्हणाली. "कालपास्नं अठ्ठावन्न. कोन सोडून गेलं व्हय?"

करुणानं विचारलं, "मावशी, माणसं तर अठ्ठावन्नच होती. मग महिनाभर एक ताट शिल्लक राहत असेल ना?"

शेवंताबाईनं जरा आठवून बघितलं. "न्हाई बाय. शिल्लक कवाच ऱ्हायलं न्हाई."

करुणा नवनाथकडं वळली. "मामा, तुम्ही मोजा. मीही मोजते. मी मागाहून जेवेन."

दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले. माणसं आत आली, एकेक ताट घेऊन बसली. अठ्ठावन्न माणसं. ताटांची चळत संपली, एकही उरलं नाही. अठ्ठावन्न ताटं. पंगत जेवली, बोलली, हसली. एकेक जण उठला, मोरीत ताट ठेवून हात धुऊन बाहेर पडला. नवनाथचे ओठ हलत होते, तो चालती माणसं मोजत होता.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. "गेली समदी."

करुणा मोरीशी गेली. शेवंताबाई ताटं घासायला बसली होती. घासलेलं ताट ती उजवीकडं उपडं घालायची, आणि करुणा मनात मोजत होती. पंचावन्न. छप्पन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न.

शेवंताबाईचा हात मोरीत गेला आणि तिथंच थांबला.

मोरीत अजून एक ताट होतं.

करुणानं ते दोन्ही हातांनी उचललं. बाकीच्या ताटांसारखंच स्टीलचं, तेवढंच मोठं. बोटांनी पुसून पुसून खाल्लेलं, कडेला थोडं मीठ. आणि मधोमध, चुलीची राख लागलेला, बाजरीच्या भाकरीचा चुरा.

त्या दिवशी सगळ्यांना पोळ्या होत्या.